धुतलेला रुपया

शामराव तिजारे आणि मी भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या टाइम ऑफिसात सतरा वर्षं शेजारी शेजारी बसलो. कोण किती वाजता आत गेला, कोणाचा ओव्हरटाइम लागला, कोणाची हजेरी कापली गेली, हे पाहणं आमचं काम. शामराव मूळचे पवनीकडचे. बासष्ट साली नोकरीला लागले आणि तेव्हापासून सेक्टर सहामधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात राहत होते. माणूस अंगानं बारीक, आवाजानंही बारीक. ऑफिसात त्यांचं कोणाशी भांडण झाल्याचं मला आठवत नाही, आणि कोणाशी फार सलगी झाल्याचंही नाही.

रविवारी सकाळी मात्र हाच माणूस वेगळा दिसे. सेक्टर सहाच्या बाजारात, भाजीवाल्यांची रांग संपते तिथं, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून ते एक घडीचं टेबल मांडत. वर गडद निळं कापड अंथरत आणि त्यावर जुनी नाणी. राणीचा रुपया, पंचम जॉर्जचा रुपया, भोकाचा पैसा, आणे, अर्ध्या रुपयाच्या अधेल्या. कोणी थांबलं की शामराव बोलायला लागत. हे नाणं कुठल्या टांकसाळीतलं, खाली बारीक टिंब आहे ते कशाचं, या साली चांदी किती होती. ऑफिसात आठवडाभर जेवढे शब्द खर्च होत नसत, तेवढे त्या दोन-तीन तासांत होत.

नाणी ते खेड्यापाड्यांतून आणत. सुट्टी मिळाली की सायकल काढायची आणि उतई, पाटण, गुंडरदेहीकडच्या सराफांकडं आणि भांडीवाल्यांकडं जायचं. गावातल्या बायकांनी मोडीत घातलेली जुन्या रुपयांची माळ त्यांच्याकडं आलेली असे. चांदीच्या भावापेक्षा दोन रुपये जास्त देऊन शामराव ती घेत. आणलेली नाणी काळी, मळकट, तेलकट असत. ती तशी टेबलावर ठेवली तर कोणी ढुंकून पाहत नसे.

म्हणून शनिवारी संध्याकाळी सत्यभामाबाई ती घासायच्या. चिंचेचं पाणी, खायचा सोडा आणि दातांचा जुना ब्रश. अंगणातल्या नळाजवळ पाटावर बसून त्या एकेक रुपया चकचकीत करायच्या आणि शामराव समोर बसून मऊ कापडानं पुसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही कधी शनिवारी त्यांच्याकडं गेलो, तर दोघंही या कामात असत आणि काम न थांबवता गप्पा मारत.

"तुमच्या वहिनीच्या हातानं रुपया कालचा वाटते जी," शामराव म्हणायचे. सत्यभामाबाई मान खाली घालून हसायच्या.

सत्त्याऐंशी साली उतईच्या एका सराफाकडच्या ढिगात शामरावांना एकोणचाळीस सालचा रुपया सापडला. जॉर्ज सहावा, चांदीचा. ते साल दुर्मीळ आहे, नाण्यांचा नाद असलेल्या कोणालाही ते ठाऊक असतं. चांदीच्या भावात मिळालेलं ते नाणं त्यांनी छातीच्या खिशात ठेवलं आणि सायकल हातात धरून चालत घरी आले, कारण खड्ड्यात आदळून खिशातून पडेल अशी त्यांना भीती वाटली. उतईहून सेक्टर सहा म्हणजे चांगलं अंतर आहे. त्या शनिवारी सत्यभामाबाईंनी तो रुपया इतर नाण्यांपेक्षा जास्त वेळ घासला.

पण तो विकला जाईना. अडतीस सालचे रुपये पुष्कळ असतात, आणि त्यावरच्या आठाचा नऊ करून लोक फसवतात. त्यामुळं शामरावांचा रुपया पाहिला की जाणकार माणूस आधी भिंग काढायचा आणि मग मान हलवायचा. त्र्याण्णव साली नागपूरला नाण्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मीही त्यांच्यासोबत गेलो होतो. सहा वर्षं जपलेला तो रुपया त्यांनी एका कलकत्त्याच्या व्यापाऱ्यापुढं ठेवला.

व्यापाऱ्यानं तो नीट हातात घेतलासुद्धा नाही. "अड़तीस का है, भाईसाहब. आठ को नौ बनाया है," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं वळला.

"नाई जी, ओरिजिनल हाय," शामराव म्हणाले. त्यांचा आवाज त्या गर्दीत कोणापर्यंत पोचला नाही.

त्याच व्यापाऱ्याच्या टेबलावर काही नाणी जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या चौकोनी डबीत बंद केलेली होती. डबीवर नाण्याचं नाव आणि एक आकडा. अमेरिकेत आता कंपन्या निघाल्या आहेत, त्या नाणं तपासतात, खरं-खोटं पाहतात, सत्तरपैकी गुण देतात आणि असं कायमचं बंद करून परत पाठवतात, असं त्यानं दुसऱ्या कोणाला सांगितलं ते आम्ही ऐकलं. परतीच्या गाडीत दुर्ग येईपर्यंत शामराव त्याच विषयावर विचार करत होते. राजनांदगाव गेल्यावर म्हणाले, "एक डाव कोणी लिहून दिलं पायजे, का हा खरा हाय. बस."

ते लिहून देण्याची वाट विजयकुमार पांढरीपांडेंनी दाखवली. हे रोलिंग मिलमधले तरुण इंजिनिअर, मोठ्या क्वार्टरात राहणारे, स्वतः नाणी जमवणारे. रविवारी स्कूटर लावून शामरावांच्या टेबलापाशी अर्धा तास तरी थांबत. त्यांचे मोठे भाऊ अमेरिकेत होते आणि जानेवारीत इकडं येऊन परत जाणार होते.

"शामरावजी, भाऊसोबत देऊन टाका," ते म्हणाले. "शंभर वर्षांच्या आतलीच पाठवू, त्याहून जुनी बाहेर न्यायला कायद्यानं मनाई आहे. तुमचा एकोणचाळीस तर चालेलच. एकदा सर्टिफाय झाला की फिर कौन बोलेगा नकली?"

"खर्च किती येईन जी?"

"एका नाण्याला वीस डॉलर. म्हणजे सहाशेच्या वर. पोस्टाचा वेगळा."

"पाहतो जी," शामराव म्हणाले. पण चार दिवसांनी होकार दिला, आणि एक नाही, तीन नाणी दिली. एकोणचाळीसचा रुपया, अकरा सालचा एक रुपया आणि छत्तीस सालचा तांब्याचा पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. पाव आण्याचं नाव विजयकुमारांनी सुचवलं. तो जुन्या मेणकापडाच्या पुडीत गुंडाळलेला सापडला होता आणि अजून नव्या तांब्यासारखा लाल होता. त्याला कधी घासावंच लागलं नव्हतं. सगळे मिळून दोन हजारांच्या वर गेले. शामरावांचा अर्धा पगार म्हणा.

मग दहा महिने वाट पाहिली. विजयकुमारांची स्कूटर दिसली की शामराव उठून उभे राहत आणि ते लांबूनच हातानं नाही म्हणत. त्या वर्षी शामरावांनी दुसरी काही खरेदी फारशी केली नाही. एकोणचाळीसचा रुपया परत आला की त्याचं काय करायचं, याचे बेत मात्र ऐकायला मिळत. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार होतं. बोरसीकडं एक छोटा प्लॉट त्यांनी पाहून ठेवला होता. त्याचा इसार त्या रुपयातून निघेल असा त्यांचा हिशेब होता.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर पाकीट आलं. विजयकुमारांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. त्यांच्या बैठकीत टीपॉयवर त्यांनी ते कात्रीनं उघडलं. आधी पाव आणा निघाला. जाड प्लास्टिकच्या डबीत, लाल, आणि वर आकडा पासष्ट.

"पासष्ट!" विजयकुमार ओरडले. "शामरावजी, सत्तरपैकी पासष्ट! बहुत बढ़िया!"

शामराव हसले, पण त्यांची नजर पाकिटात होती. उरलेले दोन रुपये डबीत नव्हते. साध्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत होते, आणि प्रत्येकीत एक छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर कारणांची यादी होती आणि एका कारणापुढं खूण केलेली होती. विजयकुमारांनी पहिली वाचली, दुसरी वाचली आणि खाली ठेवली.

"काय लिहिलं हाय?" शामरावांनी विचारलं.

"क्लीन्ड," विजयकुमार हळूच म्हणाले. "म्हणजे धुतलेलं. घासून साफ केलेलं. अशा नाण्याला ते नंबर देत नाहीत. घासल्यानं वरचा थर जातो, बारीक चरे पडतात. भिंगातून दिसतात."

"दोन्हीले?"

"दोन्हीले."

"आणि पैसे?"

"ते तपासायचे असतात, शामरावजी. ते परत नाही मिळत."

विजयकुमारांच्या आईनं चहा आणला. शामरावांनी तो पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि "येतो जी" म्हणून उठले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जाऊ द्या शामराव, एक तर चांगला आला." सायकलीचं कुलूप त्यांच्याकडून पटकन उघडेना.

घरी काय झालं ते सत्यभामाबाईंनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं. शामरावांनी चिठ्ठीचा अर्थ सांगणं टाळलं होतं. पण सत्यभामाबाईंनीच खोदून खोदून विचारलं.

"म्हंजे मी घासलं म्हणून?" त्या म्हणाल्या.

"मीच सांगतलं होतं घासाले."

"पण हात तर माहा होता ना. तुमाले आठवते, त्या रुपयाले मी किती वेळ बसली होती?"

"आठवते," शामराव म्हणाले. "नको काढू आता ते."

पुढच्या शनिवारी त्यांनी नाणी काढली नाहीत. त्याच्या पुढच्याही. सोड्याचा डबा स्वैंपाकघरातल्या फळीवर परत गेला. शनिवारी संध्याकाळी आता ते दोघं काय करायचे, मला ठाऊक नाही. आम्ही गेलो तर शामराव आत पडलेले असत आणि सत्यभामाबाई दारात भाजी निवडत असत.

पाव आण्याची ती डबी शामरावांनी टेबलावर मधोमध ठेवली. लोक ती उचलून उलटीपालटी करून पाहायचे.

"याच्यात घड्याळ हाय का?" एकानं विचारलं.

"पाव आणा हाय. अमेरिकेहून तपासून आलेला."

"उघडून दाखवा मंग."

"उघडत नाई जी ते. फोडावं लागते. फोडलं तर सर्टिफिकेट गेलं."

"मंग हात लावल्याबिगर खरं कशावरून म्हणायचं? आणि कितीले?"

"सातशे."

आजूबाजूचे भाजीवालेसुद्धा हसले. एका पैशाचे सातशे! बिनडबीचा, तसाच लाल पाव आणा शोधला तर नागपूरला वीस-पंचवीस रुपयांत मिळाला असता, हे शामरावांनाही ठाऊक होतं. सातशे ही त्या नाण्याची किंमत नव्हतीच. ती डबीची किंमत होती.

त्या दिवसापासून त्यांनी काळी नाणी तशीच काळी विकायला ठेवली. प्रत्येक नाण्याच्या कागदी पाकिटावर पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहायला लागले. जुन्या, आधी घासलेल्या नाण्यांवर 'धुतलेलं', आणि नव्या आणलेल्यांवर 'हात न लावलेलं'. पाकीट वाचून लोक विचारायचे, धुतलेलं म्हणजे काय. शामराव समजावून सांगायचे. ऐकून झालं की लोक म्हणायचे, मग कमी करा. आणि काळ्या नाण्याकडं पाहून म्हणायचे, हे तर काळं आहे.

जवळच फकिरा बसायचा, जुनी भांडी आणि कुलपं विकणारा. आता त्यानंही गोणपाटावर थोडे रुपये ठेवायला सुरुवात केली, पितळेच्या पॉलिशनं लखलखीत केलेले. शामरावांची गिऱ्हाइकं चार पावलं पुढं त्याच्याकडं जाऊ लागली.

"काका, तुमीच तर शिकवलं चमकवाले," फकिरा एकदा म्हणाला. "आता तुमीच कावून सोडलं?"

"माहीत झालं ना बाबू," शामराव म्हणाले. "माहीत नव्हतं तवा बरं होतं."

इथवर झालं असतं तर नुकसान एका माणसाचं होतं. पण शामरावांच्या डोक्यात दयाराम वाढई घोळत होता. दयाराम क्रेन ऑपरेटर होता, ब्याण्णवला निवृत्त होऊन बोरसीला घर बांधून राहत होता. आठ वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी, पगार झाला की, त्यानं शामरावांकडून एक रुपया घेतला होता. चाळिसेक झाले होते. मुलीच्या, साधनाच्या, लग्नाला उपयोगी पडतील, नाण्याचा भाव चांदीपेक्षा जास्त वाढतो, असं शामरावांनीच त्याला सांगितलं होतं. आणि ते जवळजवळ सगळे सत्यभामाबाईंच्या हातून गेलेले.

"सांगू नका," मी म्हटलं. "त्यानं कुठं विचारलं आहे?"

"उद्या तो नागपूरले घेऊन जाईन," शामराव म्हणाले. "तो कलकत्तेवाला त्याच्या तोंडावर हासन. माह्यावर हासला, तसा."

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत मी त्यांच्याबरोबर बोरसीला गेलो. दयारामनं मोठ्या उत्साहानं अल्बम काढला. शामराव एकेक पान उलटत गेले आणि सांगत गेले. आवाज नेहमीसारखाच बारीक होता. याला चांदीचा भाव येईल, नाण्याचा येणार नाही. यालाही. यालाही. मध्ये तीन रुपये त्यांनी वेगळे काढले.

"हे तीन मात्र चांगले हाय. हे घासले नव्हते, आले तसे दिले होते. यायले नागपूरले किंमत येईन. हे ठेवा, दयाराम. कोणाले हात लावू देऊ नका."

दयारामनं अल्बम स्वतःकडं ओढून घेतला. मग म्हणाला, "शामरावदादा, हे मले कावून सांगतलं?"

"तुमाले माहीत असावं म्हणून."

"तीन वर्षं झाली मले रिटायर होऊन. रोज संध्याकाळी ह्या पोरीची माय आणि मी हे उघडून पाहतो. चांगलं वाटते आमाले. आता कसं पाहू?"

शामराव ती नाणी परत घ्यायला तयार होते, तसं ते म्हणालेही. दयारामनं मान हलवली आणि अल्बम मिटला. त्यानंतर तो बाजारात टेबलापाशी आला नाही. भाजी घेऊन तिकडल्या तिकडं निघून जायचा.

त्याच वर्षी शामरावांनी नागपूरला जाऊन एकोणचाळीसचा रुपया विकला. या वेळी दुसरा व्यापारी होता, इतवारीतला, म्हातारा. शामरावांनी नाण्यासोबत स्वतःच ती चिठ्ठी पुढं केली. म्हाताऱ्यानं चष्मा वर करून ती वाचली.

"धुतलेलं आहे म्हणतात," तो म्हणाला.

"हो जी."

"पण नकली म्हटलेलं नाही. नकली असतं तर त्या खान्यात खूण असती." त्यानं बोट ठेवून दाखवलं. "म्हणजे खरं आहे."

शामरावांनी ज्याची आशा धरली होती त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात तो रुपया गेला. डबीतल्या पाव आण्याचे तीनशे आले. अकरा सालचा रुपया चांदीच्या भावानं. अमेरिकेचा खर्च निघून थोडं हातात राहिलं. बोरसीच्या प्लॉटला ते पुरणारं नव्हतं.

परतताना मी विचारलं, "शेवटी परवडलं की नाही?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. "ज्याच्याजवळ दहा हजाराचं एक नाणं हाय, त्याले सहाशे काय जड? माह्याजवळ दहा-दहा रुपयांची हजार होती. माह्यासारख्याले नाई परवडत जी." मग थोड्या वेळानं म्हणाले, "खरा होता, एवढं समजलं." पुढं गोंदिया येईपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले होते.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये साधनाचं लग्न झालं. दयारामची पत्रिका आली तेव्हा शामरावांना बरं वाटलं. सत्यभामाबाईंचे गुडघे धरले होते म्हणून त्या आल्या नाहीत. मी शामरावांना स्कूटरवर बसवून नेलं. दयारामनं दारातच हात धरला आणि पहिल्या पंगतीत बसवलं. जेवणाच्या वेळी साधना पाया पडायला आली. पायांत चांदीच्या जाड तोरड्या होत्या, चालताना वाजत होत्या.

"अल्बममधल्या रुपयायच्या," दयाराम शेजारी उभा राहून म्हणाला. "सराफाले देऊन टाकले. लय दिवस पाहून पाहून मन खराब होऊन राहिलं होतं. आता पोरीच्या पायात हाय, बरं वाटते."

"चांगलं केलं," शामराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ते तीन?"

"कोणते तीन?"

शामरावांनी हातानं काही नाही असं केलं. दयाराम दुसऱ्या पाहुण्यांकडं गेला. साधना अजून वाकलेली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा जेवायला लागले.

मी त्यांना घरी सोडलं तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. सत्यभामाबाई अंगणात पाटावर बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावत.

"कसं झालं लग्न?" त्यांनी विचारलं.

"चांगलं झालं," शामराव चपला काढत म्हणाले. "पोरगी चांगली दिसत होती. जिलेबी जरा कडक होती."